नाना, थर्मोस्टॅट गेलाय

मुकुंदने मला फसवलं. घरमालकिणीने नाही, हीटिंगच्या माणसाने नाही, गॅसच्या कंपनीनेही नाही. त्या सगळ्यांवर मी आळीपाळीने संशय घेतला, फोनवर आवाज चढवला, जिन्यात उभं राहून भांडलो. आणि फसवणारा माणूस त्या वेळी माझ्या शेजारी मफलर गुंडाळून बसला होता, चहात आलं घालू की वेलची एवढंच विचारत होता. माझं आयुष्य जुनी यंत्रं विकत घेण्यात आणि विकण्यात गेलं. इचलकरंजीहून फिटर म्हणून इथे आलो, पुढे स्वतःचा धंदा काढला. जर्मनीतली बंद पडलेली वर्कशॉप धुंडाळायची, लेथ, मिलिंग, ग्राइंडर उचलायचे आणि आपल्याकडे पाठवायचे. यंत्राचा फिरता दांडा, स्पिंडल, हाताने फिरवून बघितला की मालक काय लपवतोय ते मला आवाजावरून कळतं. मला कुणी फसवू शकत नाही असं मी चारचौघांत छातीवर हात मारून सांगायचो. मुकुंदने फसवलं. एका थर्मोस्टॅटच्या आडून फसवलं.

बातमी आली तेव्हा मी हॅनोव्हरजवळ एका वर्कशॉपमध्ये होतो. मालक मिलिंग मशीनचा भाव सांगून गप्प बसला होता आणि मीही गप्प होतो. सौद्यात जो आधी बोलतो तो हरतो. तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला. मुकुंदच्या घरचा नंबर. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. फोन कानाला लावून मी नेहमीच्या आवाजात म्हणालो, "काय रे, परत गेला का?"

पलीकडे मुकुंदची बायको, शैलावहिनी होत्या. मग त्या म्हणाल्या, "हो भावोजी... गेले."

मी मशीनवरचा हात काढला आणि दाराकडे चालू लागलो. त्या मालकाला वाटलं मी भाव पाडायला निघालोय. तो मागे धावत आला आणि आपणहून भाव उतरवून सांगू लागला. गाडीपर्यंत आला. इतका चांगला सौदा मला त्या वर्षात कुणी दिला नव्हता... मी गाडी सुरू केली.

मुकुंदची आणि माझी ओळख न्युरेम्बर्गच्या जुन्या बाजारात झाली. इथे अधूनमधून असा बाजार भरतो. लोक माळ्यावरचं, तळघरातलं सामान फुटपाथवर मांडून बसतात. युरो यायच्या आधीची गोष्ट. एका म्हाताऱ्यापाशी पितळी बुंध्याचा, उंच, उभा दिवा होता आणि त्याच्यासमोर चष्मा लावलेला एक किडकिडीत माणूस उभा होता. म्हाताऱ्याने भाव सांगितला. आपल्या माणसाने मान हलवली आणि स्वतःशीच पुटपुटला, "चालेल." एवढ्या परमुलखात, सॉसेजच्या धुरात, तो एक शब्द माझ्या कानात शिरला आणि मी मागून जाऊन त्याचं पाकिटाकडे निघालेलं मनगट धरलं.

"काय चालेल? काय चालेल? अहो, आधी तोंड वाकडं करा!"

तो इतका दचकला की दिवा पडता पडता राहिला. मी तोंड वाकडं करून दाखवलं. बुंध्यावरचा पोचा दाखवला, वायर दाखवली, उसासा टाकला, वळून चालायला लागलो. म्हाताऱ्याने हाक मारली. अर्ध्या भावात दिवा मिळाला. मुकुंद मात्र त्या म्हाताऱ्याला तीन-तीनदा "डांके" म्हणून आभार मानत होता आणि परत जाताना मला म्हणाला, "त्याला वाईट वाटलं असेल हो." मी म्हणालो, "तुम्ही पुण्याचे का?" तो म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर. कसं ओळखलंत?" मी म्हणालो, "माल घेऊन वर दुकानदाराची काळजी करणारा दुसरा कोण असणार?" त्या दिवशी त्याच्या घरी जेवायला गेलो तो मग जातच राहिलो. अहो-जाहो पहिल्या दोन-चार भेटींतच संपलं.

तो मोठ्या इंजिनिअरिंग कंपनीत टर्बाइनच्या पात्यांची डिझाइनं करायचा. उष्णता, दाब, धातू या विषयांवर त्याच्याइतकं जाणणारे त्या कंपनीतही थोडे असतील. पण घरातला नळ गळायला लागला की तो नळाकडे बघत उभा राहायचा आणि मला फोन करायचा. मी चेष्टा करायचो, "तुझ्या पात्यांनी अख्खं शहर उजळतं आणि तुझ्या बाथरूममधला बल्ब मी बदलायचा?" तो म्हणायचा, "जा जा, बदल की. तुला येतं ना ते." त्याचं सगळं "चालेल" या एका शब्दावर चालायचं. गाडीवाल्याने सांगितलेला भाव चालेल. कंपनीने दिलेला पगार चालेल. बॉसने सुट्टी नाकारली, चालेल. म्हणून त्याच्या वतीने भांडायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. गाडी मी ठरवली, गालिचा मी ठरवला, घरमालकीण फ्राउ लिंडनरच्या घरातला वरचा मजला भाड्याने घेतला तेव्हा करारावर बोलणी मी केली. तो शेजारी बसून फ्राउ लिंडनरच्या खिडकीतल्या फुलझाडांचं कौतुक करायचा, म्हणजे मी खाली ओढत आणलेला भाव हा परत वर ढकलायचा. टेबलाखालून मी त्याच्या पायावर पाय द्यायचो. तो मोठ्याने म्हणायचा, "नाना, पाय का देतोयस?" आमच्या सुमनला, माझ्या बायकोला, तो फार आवडायचा. ती म्हणायची, "अहो, तुम्ही दोघं मिळून एक शहाणा माणूस होता."

ऑक्टोबरात, थंडीची पहिली चुणूक लागली त्या आठवड्यात, त्याचा फोन आला. "नाना, थर्मोस्टॅट गेलाय. येतोस?"

मी शनिवारी दुपारी पोचलो. त्यांच्या हॉलमध्ये, स्वयंपाकघराच्या दाराजवळ, भिंतीवर वीतभर पांढरा डबा होता. त्यावर किती अंश हवेत ते सांगायचं. खोली गार झाली की आतून टक असा आवाज यायचा, बाथरूममधला गॅसचा बॉयलर भप्पकन पेटायचा आणि रेडिएटर तापायला लागायचे. त्या डब्याच्या काचेवर आता एकही आकडा नव्हता. "सेल बदललेस का?" मी विचारलं. "बदलले की." मी झाकण काढलं. आतले सेल बाजूने पांढरे पडलेले, वरचा कागद उडालेला. "हे कुठले?" "टीव्हीच्या रिमोटचे." "मग रिमोटमध्ये काय घातलंस?" "घड्याळातले." आपल्याकडे घरोघर चालतं तेच. सेल संपला म्हणून टाकायचा नाही, दुसरीकडे घालून बघायचा, बोटाने फिरवायचा, दाताने दाबायचा, उन्हात ठेवायचा. त्याच्या खिडकीच्या कट्ट्यावर ऑक्टोबरच्या त्या पाणचट उन्हात जुन्या सेलची एक रांगच उभी होती. मी ती उचलून फेकायला निघालो तर त्याने माझा हात धरला.

"राहू दे रे. थोडा जीव आहे त्यांच्यात अजून."

"तू इंजिनिअर ना? उन्हात ठेवून सेल चार्ज होतो हे कुठल्या कॉलेजात शिकवलं?"

"आमच्या आईच्या," तो म्हणाला.

मी नवे सेल आणले होते. आत स्प्रिंगवर हिरवट मळ चढला होता, तो चाकूने खरवडला. तरीही आकडा येईना. मग फ्यूज काढला, डबा भिंतीवरून सोडवला आणि मागच्या दोन तारा एकमेकींना जोडून फ्यूज परत लावला. ही साधी युक्ती आहे. थर्मोस्टॅट म्हणजे शेवटी एक बटण. तारा थेट जोडल्यावर बॉयलर पेटला तर दोष डब्याचा, नाही पेटला तर बॉयलरचा नाहीतर मधल्या वायरचा. आत भप्प झालं. "बॉयलर ठणठणीत आहे," मी ओरडलो, "तुझा डबाच मेलाय." मुकुंद माझ्या मागे स्टूल धरून उभा होता. तो म्हणाला, "नाना, समजा डबा दुरुस्त नाही झाला तर?"

"तर दुसरा आणू."

"आणि दुसरा मिळत नसेल तर?"

"मिळत नाही असं जगात काही नसतं. भाव असतो फक्त."

तो हसला. मी पुन्हा मळ खरवडला, स्प्रिंग जरा बाहेर ओढली, सेल बसवले आणि काचेवर आकडे उमटले. टक. मी स्टुलावरून खाली उतरून त्याच्या पाठीत थाप मारली तर तो पार भिंतीपर्यंत गेला. "जेवत नाहीस का रे?" मी विचारलं. "जेवतो की," तो म्हणाला. "चालेल एवढं."

त्याच आठवड्यात त्याला डॉक्टरने सांगितलं होतं. तो स्टूल धरून उभा होता, मी वर होतो, आम्ही दोघंच घरात होतो... आणि हा माणूस मला सेलचं विचारत होता.

पुढच्या महिन्यात पुन्हा फोन. "नाना, आकडा बावीस दाखवतोय, पण घरात गारठा आहे." गेलो. मुकुंद स्वेटरवर स्वेटर, मफलर, पायात लोकरीचे मोजे घालून बसला होता. मी कोट काढला, मग जाकीट काढलं, मग शर्टच्या बाह्या वर केल्या. म्हटलं, पुणेकर नाजूकच. तरी रेडिएटर तपासले. छोट्या किल्लीने त्यांच्यातली अडकलेली हवा सोडली, पाणी खळखळलं, हात भाजेल इतके सगळे तापले. मग माझं लक्ष त्या दिव्याकडे गेलं. जुन्या बाजारातला तो पितळी दिवा वहिनींनी बरोबर थर्मोस्टॅटच्या खाली आणून ठेवला होता. संध्याकाळी लावला की त्याची ऊब थेट त्या डब्याला.

"सापडला चोर," मी म्हणालो. "आल्झो, तर ऐक. हा दिवा तुझ्या थर्मोस्टॅटला फसवतोय. खोली गार आहे, पण याला जवळच्या दिव्याची ऊब लागते. याला वाटतं सगळं छान चाललंय. म्हणून बॉयलरला हाक मारतच नाही."

मुकुंदला इतकं हसू आलं की ठसका लागला. चष्मा काढून डोळे पुसत तो म्हणाला, "बिचारा! जवळ बसलाय म्हणून त्याला कळतच नाही होय?" वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्या एकदम आत वळल्या. मला वाटलं, दूध उतू गेलं. मी दिवा उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेला, विजयी मुद्रेने चहा प्यायला आणि घरी आलो. तो कुणावर हसला ते आता कळतंय. एवढी चांगली कोटी करून त्याने ती मला समजावूनही सांगितली नाही.

दिवा हलवला तरी गारठा गेला नाही. त्यांची मुलगी मैत्रेयी पंधरा वर्षांची. तिच्याशी मराठीत बोललं की ती जर्मनमध्ये उत्तर देते. मी तिला विचारलं, "काय गं मैतू, तुलापण थंडी वाजते का?" ती पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "नाइन. पापा फ्रीर्ट इमर." मला नाही, पप्पांनाच कायम वाजते. अर्ध्या बाह्यांचा टीशर्ट घालून बसली होती ती. मुकुंद पटकन म्हणाला, "ती खिडकीपासून लांब बसते ना." मी ते मान्य केलं. मित्र सांगतोय, मी का नाही मान्य करायचं? दुकानदाराचं बोलणं मी तोलून घेतो. मित्राचंही तोलायचं असतं का? तसं असेल तर मला कुणी आधी सांगायला हवं होतं.

मग मी फ्राउ लिंडनरवर घसरलो. डबा जुना आहे, खोटे आकडे दाखवतो, भाडेकरूला थंडीत कुडकुडत ठेवायला लाज वाटत नाही का, वगैरे. मुकुंद माझी बाही ओढत होता. फ्राउ लिंडनर ही सत्तरीची बाई, खमकी. भाड्याच्या बोलण्यांत तिने मला घाम फोडला होता. त्या दिवशी मी लांबलचक भांडणाची तयारी करून जिना उतरलो होतो. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या खांद्यावरून मागे, मुकुंदकडे बघत होती. मग म्हणाली, "इस्ट गुट, ठीक आहे. नवा बसवून देते. सगळ्यात चांगला." संपलं. दोन दिवसांत माणूस आला, नवाकोरा थर्मोस्टॅट भिंतीवर बसला. मी घरी सुमनला सांगितलं, "बघितलंस? म्हातारीला एका मिनिटात झोपवली."

समोरचा माणूस लगेच हो म्हणाला की मालात खोट आहे हे समजायचं. मी हे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला शिकवलंय.

शेवटचा फोन फेब्रुवारीतला. "नाना, नवापण गेला रे." माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या गावी एक सौदा अर्धवट होता तो सोडून निघालो, वाटेत फ्राउ लिंडनरला सुनवायची वाक्यं जर्मनमध्ये घोकत आलो. मुकुंदने दार उघडलं. चेहरा मेणासारखा. म्हणाला फ्लू होऊन गेला. मी कोटही न काढता थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं आणि बघतच राहिलो. दोन्ही सेल उलटे. अधिकच्या जागी उणे, उण्याच्या जागी अधिक. कट्ट्यावरचेच जुने, पांढरे पडलेले.

"अरे गाढवा," मी म्हणालो, "टर्बाइन बनवतोस आणि सेल उलटे घालतोस? नवे काढलेस कशाला?"

"बदलून बघत होतो," तो म्हणाला. "बस ना जरा. आलायस तर."

नवे सेल टेबलावरच पडले होते. ते सुलटे घातले, टक, भप्प. काम संपलं, चहा व्हायचाच होता. मी रागारागाने खुर्ची ओढली आणि बसलो. त्या दिवशी गप्पा तशा साध्याच झाल्या. त्याने इचलकरंजीतल्या माझ्या पहिल्या वर्कशॉपबद्दल विचारलं, माझ्या वडिलांबद्दल विचारलं. ते रंगारी होते, त्यांचे हात कायम निळे असायचे हे त्याला माहीत होतं, तरी पुन्हा विचारलं. मी सांगत बसलो. बाहेर उजेड होता तोवर मी बोलत होतो आणि तो ऐकत होता, पाय रेडिएटरला टेकवून. निघताना दारात म्हणाला, "नाना, तू होतास म्हणून बरं झालं बरं का. माझी फार फसवणूक झाली असती इथे." मी म्हणालो, "सेल उलटे घालू नकोस पुन्हा." ही आमची शेवटची भेट. त्यानंतर एकदा फोनवर बोललो, तेव्हा म्हणाला, जरा ताप आहे, चालेल.

त्याच तापात तो गेला. अंत्यविधीला कंपनीतले जर्मन लोक काळे कोट घालून रांगेत उभे होते आणि आपली पाच-सहा कुटुंबं. माझा अजून समज असा की फ्लू बिघडला, डॉक्टरांनी हयगय केली आणि आता मी त्या हॉस्पिटलला सोडणार नाही. फ्राउ लिंडनर काठी टेकत माझ्यापाशी आली. तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाली, तुम्ही दुरुस्तीला येणार असलात की ते सकाळपासून खिडकीत उभे राहायचे. ती पुढे म्हणाली, "हर्ब्स्टमध्ये त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी विचारलं, तुमच्या मित्राला माहीत आहे ना? तर म्हणाले, त्याला नको."

हर्ब्स्ट म्हणजे शरद, पानं गळतात तो ऋतू. म्हणजे ऑक्टोबर. त्या म्हातारीला माहीत होतं. तिने डब्यासाठी नव्हे, मुकुंदसाठी हो म्हटलं होतं. मी आरडाओरडा करत होतो तो अख्खा जिना, ती आणि तो, सगळ्यांना माहीत होतं. मला नव्हतं.

तेरा दिवस झाल्यावर मी वहिनींकडे गेलो. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण दारातच आवाज चढला.

"बसा भावोजी," त्या म्हणाल्या. "ओरडू नका, मैतू आत आहे."

मग त्यांनी सांगितलं. रक्ताचा आजार. थंडी वाजायची ती त्यामुळे. ज्या आठवड्यात थर्मोस्टॅट गेला त्याच आठवड्यात कळलं. डॉक्टर म्हणाले, हॉस्पिटलात राहून कडक उपचार घेतले तर कदाचित थोडे महिने जास्त मिळतील, खात्री नाही. नाहीतर घरी राहा, औषधं देतो, जमेल तितकं जमेल.

"आणि हा काय म्हणाला?"

वहिनींनी पदराने डोळे टिपले. "काय म्हणणार? मराठीतच म्हणाले, डॉक्टरच्या तोंडावर. चालेल."

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"मी भांडले की. घरी येऊन भांडले. म्हणाले, शैला, मला मैतू शाळेतून आल्यावर घरी असायचंय. एवढंच."

"मग मला का नाही सांगितलं? मी काय परका होतो?"

"ते म्हणाले, नानाला कळलं तर तो उद्या डॉक्टरशी घासाघीस करायला जाईल. मग दुसऱ्या डॉक्टरकडे, मग तिसऱ्या. आणि सगळे नाही म्हणाले तर... म्हणाले, नानाला हरायची सवय नाही. त्याला काय करायचं ते कळणार नाही."

मी खिडकीकडे बघत बसलो. कट्ट्यावर सेलची ती रांग तशीच उभी होती. "आणि ते उलटे सेल?"

"ते मुद्दाम. मी म्हटलं, अहो, नुसतं बोलवा ना भावोजींना, ते येतील. तर म्हणाले, छे. नाना नुसता बसायला येत नाही. त्याला काहीतरी बिघडलेलं लागतं."

मैतूची शाळा संपेपर्यंत वहिनी इथेच आहेत. मी शनिवारी जातो. थर्मोस्टॅट उत्तम चालतोय, फ्राउ लिंडनरने खरंच चांगल्यातला घेतला होता. मुकुंदसाठी चढवून ठेवलेला आकडा वहिनींनी अजून खाली आणलेला नाही. उकडतं म्हणून खिडकी जराशी उघडून बसतात, पण बटणाला हात लावत नाहीत. तो पितळी दिवाही त्यांनी पुन्हा जुन्या जागी, थर्मोस्टॅटच्या खाली आणून ठेवलाय. मी हलवला नाही. मागच्या शनिवारी मी अवजारांची पेटी न घेता गेलो. स्क्रू-ड्रायव्हरही नेला नाही. घरात काही बिघडलेलं नव्हतं. त्याच्या खुर्चीसमोरच्या खुर्चीत बसलो, वहिनींनी चहा दिला, मैतू येऊन शेजारी बसली आणि न विचारता मराठीत म्हणाली, "नानाकाका, बसा अजून थोडं." बसलो. अंधार पडल्यावर तिने दिवा लावला. भिंतीवरचा डबा बराच वेळ गप्प राहिला...

मुकुंदा, आता तू सांग. फ्राउ लिंडनरला सांगितलंस, जिने आपल्याला एका नळासाठी महिनाभर झुलवलं तिला सांगितलंस, आणि मला नाही? घासाघीस केली असती, हो, केली असती. त्या डॉक्टरच्या दारात बसलो असतो. तो नाही म्हणाला असता तर वळलो असतो, चाललो असतो, त्याने मागून हाक मारेपर्यंत चालत राहिलो असतो. नसती मारली हाक, तर नसती मारली. तो माझा धंदा होता, ते मी बघितलं असतं. हरलो असतो तर तुझ्या शेजारी येऊन बसलो असतो, तेवढं मला आलं असतं. जुन्या बाजारात तुझं मनगट धरलं त्या दिवसापासून तुझा एकही सौदा मी तुला एकट्याला करू दिला नव्हता. आणि हा सगळ्यात मोठा, हाच तू मला न विचारता केलास, पहिल्याच भावाला. एकदा तरी तोंड वाकडं का नाही केलंस? मी स्टुलावर उभा होतो, तू खाली होतास, मनगट माझ्या हाताच्या अंतरावर होतं.

का नाही सांगितलंस? उत्तर दे.